निसर्ग-अभ्यास मंडळे आणि वैद्याचे द्रव्यज्ञान : गुंजवणे परिसराच्या निमित्ताने

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात आचार्यांनी सांगितले आहे की, शेळ्या-मेंढ्या व गायी राखणारे गुराखी आणि इतर वनवासी लोक औषधींना नावाने आणि रूपाने ओळखतात. लगेचच ते हेही बजावतात की, एवढ्याने औषधीचे संपूर्ण ज्ञान होत नाही; देश, काल आणि पुरुष यांचा विचार करून जो तिची योजना जाणतो तोच श्रेष्ठ भिषक्. सुश्रुतसंहितेतही भूमिप्रविभागीय अध्यायात गोपाल, तापस, व्याध, वनचर आणि कंदमुळांवर निर्वाह करणारे यांच्याकडून औषधींचा परिचय करून घ्यावा, असा स्पष्ट उपदेश आहे. नामरूपज्ञान ही पहिली पायरी आणि योजनाज्ञान ही त्यावरची, असा हा क्रम आहे.

आज हा क्रम पुष्कळ अंशी उलटा झाला आहे. कुटजारिष्ट कोणत्या अवस्थेत द्यावे हे आपल्यापैकी प्रत्येकजण सांगू शकेल. परंतु डोंगरउतारावर शेजारी शेजारी उभे असलेले पांढरा कुडा आणि काळा कुडा वेगळे करून दाखवा म्हटले, तर किती जण पुढे येतील हा प्रश्नच आहे. पदवी अभ्यासक्रमात द्रव्यगुणाच्या एक-दोन सहली होतात, वनस्पतिसंग्रहाची वही तपासून घेतली जाते आणि पुढे व्यवसायात द्रव्याची भेट होते ती चूर्ण, गोळी किंवा बाटलीच्या स्वरूपात. औषधनिर्माते कच्चा माल पाहतात, पण तोही बहुधा पोत्यातला, सुकलेला आणि तुकडे केलेला. नामरूपज्ञान पुन्हा मिळवावयाचे तर ते कोठे, याचे एक साधे व बिनखर्चाचे उत्तर आपल्या जवळपासच आहे. ते म्हणजे गावोगावी आणि शहरांत कार्य करणारी निसर्ग-अभ्यास मंडळे. त्यांची कार्यपद्धती आणि वैद्यवर्गाला होणारा तिचा उपयोग प्रस्तुत लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

या परंपरेतील वैद्यकाचा वाटा

निसर्ग-अभ्यास मंडळ म्हणजे पक्षीप्रेमी हौशी लोकांचा समूह, त्याच्याशी वैद्यकाचा काय संबंध, असा समज आढळतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. आपल्या प्रांतातील अशा संस्थांची अग्रणी म्हणजे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी ती स्थापन केली. त्या आठांपैकी चौघे वैद्यक व्यवसायातील होते आणि आठांत जे दोघे भारतीय होते, ते दोघेही डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन.

डॉ. सखाराम अर्जुन यांचे नाव आपल्या क्षेत्रात अधिक परिचित व्हावयास हवे. ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित असलेल्या या विद्वानाने वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केले आणि १८७९ मध्ये मुंबईतील औषधी द्रव्यांविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. बाजारातील सुक्या द्रव्यांबरोबरच ताज्या अवस्थेत वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींची यादीही त्यांनी त्यात दिली. दुकानातील द्रव्य आणि रानातील वनस्पती यांची सांगड घातली पाहिजे, हे सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी एका वैद्यक व्यावसायिकाने ओळखले होते आणि तोच पुढे निसर्ग-अभ्यासाच्या संस्थेचा संस्थापक झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या क्षेत्राचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, येथे मोठे काम करण्यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागतेच असे नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक हे मूळचे अभियंते. त्यांनी सिद्ध केलेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि तो आजही संदर्भासाठी उघडला जातो. अलीकडच्या काळात सह्याद्रीतील फुलांचे सचित्र पुस्तक २००१ मध्ये देणारे श्रीकांत इंगळहळीकर हेही अभियंतेच. सातत्याने चालणे, पाहणे आणि लिहिणे एवढ्या भांडवलावर हे काम उभे राहिले आहे.

मंडळाचे काम कसे चालते

ठराविक सुटीच्या दिवशी आठ-दहा मंडळी एकाच ठरलेल्या वाटेने हिंडतात. त्यांत शिक्षक असतात, बँकेतील कर्मचारी असतात, विद्यार्थी असतात. चालण्याचा वेग अगदी कमी असतो. एक किलोमीटर अंतराला दोन तास लागले तरी कोणी घाई करीत नाही. प्रत्येकाजवळ वही आणि भिंग असते. ज्याला पक्षी कळतात तो पक्षी सांगतो, ज्याला फुलपाखरे कळतात तो कोणत्या झाडाच्या पानावर कोणती अळी आहे हे दाखवतो, आणि गावातील एखादी जाणती व्यक्ती बरोबर असेल तर ती सर्वांनाच शिकवते.

नोंद घेण्याची शिस्त हा या कामाचा प्राण होय. दिनांक, स्थळ, जमीन कातळाची की मातीची, उतार कोणत्या दिशेचा, वनस्पती पालवी, कळी, फूल, फळ यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे, तिच्यावर कोणते कीटक वा पक्षी आले, स्थानिक नाव काय आणि ते कोणी सांगितले, हे सर्व लिहिले जाते. ओळख पटली नाही तर वनस्पती 'अनोळखी' म्हणूनच लिहिली जाते. अंदाजाने नाव देत नाहीत. तीच वनस्पती पुढच्या फेरीत फुलावर भेटते आणि मग तिची ओळख पटते. म्हणून एकाच स्थळी वर्षातून अनेकदा जाणे हे दहा निरनिराळ्या स्थळी एकेकदा जाण्यापेक्षा श्रेयस्कर मानले जाते.

चरकाचार्यांनी कल्पस्थानात द्रव्यसंग्रहाचा काल सांगितला आहे : कोवळ्या शाखा व पाने वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, त्वचा, कंद आणि क्षीर शरदात, सार हेमंतात, फुले व फळे ज्याच्या त्याच्या ऋतूत. हा श्लोकार्थ आपण परीक्षेत लिहिला. परंतु एकाच झाडापाशी सहाही ऋतूंत जाऊन उभे राहिल्याशिवाय त्याचा आशय पूर्णपणे उमगत नाही.

गुंजवणे : एक आदर्श क्षेत्र

पुण्यापासून साधारण साठ किलोमीटरवर, नसरापूर-मार्गासनी-साखर मार्गाने गेले की राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे हे गाव लागते. चोर दरवाजाने गडावर जाणारी प्रसिद्ध वाट येथूनच निघते. बारा मावळांपैकी गुंजण मावळ ते याच मुलखातील. गडप्रेमींना हे गाव परिचित आहे. वैद्यांनी ते वेगळ्या दृष्टीने पाहावे अशी आमची विनंती आहे. भातखाचरे, ओढ्याकाठची दाट झाडी, पानझडीचे जंगल, कारवीचे उतार, उघडे कातळ आणि माथ्यावरची गवताळ माची असे निरनिराळे अधिवास येथे एका दिवसाच्या चालीत भेटतात. आनूप आणि साधारण देशांची लक्षणे पुस्तकाबाहेर पाहावयाची असतील तर यापेक्षा सोयीचे स्थान क्वचितच सापडेल.

मृगाच्या पावसानंतर जमिनीतून कंदवर्गीय वनस्पती वर येतात. मुसळीच्या जातीतील पांढऱ्या फुलांच्या वनस्पती आणि पिवळ्या चांदणीसारख्या फुलाची काळी मुसळी यांचा भेद या दिवसांत अगदी सहज शिकता येतो. सुकलेल्या मुळांवरून तोच अवघड होतो. श्रावणाच्या सुमारास कळलावी फुलते. तिच्या पानाचे टोक तणाव्यासारखे वळून आधाराला धरते, हे एक लक्षण डोळ्यांनी पाहिले की उपविषांतील ही लांगली पुन्हा कधी विसरत नाही. भारंगी निळसर फुलांनी डवरते ती पावसातच. मावळात आणि कोकणात भारंगीच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. त्यामुळे ज्या माउलीने शास्त्राचे नावही ऐकलेले नाही, ती कातरलेल्या कडांचे पान आणि चौकोनी दांडा पाहून ही वनस्पती निःशंकपणे ओळखते. आचार्यांनी वनवासी लोकांना विचारावे असे का सांगितले, त्याचे हे चालतेबोलते उदाहरण होय.

क्षेत्रदर्शनाने सुटणारे दोन संदेह

पहिला कुड्याचा. चरकाचार्यांनी कल्पस्थानात कुटजाचे पुं आणि स्त्री असे भेद सांगितले. मोठे फळ, श्वेत पुष्प व स्निग्ध पत्र असलेला तो पुंकुटज. पांढरा कुडा, म्हणजेच होलॅऱ्हेना प्युबेसेन्स, हा ग्राह्य मानला जातो. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोहोंना चीक आहे, दोहोंची पाने समोरासमोर आहेत, दोहोंची फुले पांढरी आहेत. सालीचे तुकडे झाल्यावर संभ्रम होणे स्वाभाविक आहे. झाडापाशी मात्र भेद स्पष्ट दिसतो. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीने येतात पण एकमेकींपासून सुट्या, लांब, बारीक आणि पांढुरक्या ठिपक्यांच्या असतात. काळ्या कुड्याच्या शेंगांची जोडी खाली टोकाशी जुळलेली लोंबते. काळ्या कुड्याची पाने सुकताना निळसर काळी पडतात, कारण त्यांत नीळ देणारा घटक आहे. बियांची चव घेतली तर एकाचा कडू इंद्रजव आणि दुसऱ्याचा गोड इंद्रजव असे व्यवहारातले नाव का पडले तेही कळते. अतिसार-प्रवाहिकेच्या रुग्णाला अपेक्षित गुण येणे न येणे या भेदावर अवलंबून असू शकते.

दुसरा भुईकोहळ्याचा. या एकाच मराठी नावाने दोन अगदी भिन्न वेली ओळखल्या जातात. एक प्युएरेरिया ट्यूबरोझा. तिची पाने पळसासारखी त्रिदल, वेल काष्ठमय आणि निळसर जांभळी फुले पानगळीनंतर येतात. दुसरी आयपोमिया मॉरिशियाना. तिची पाने पंजासारखी विभागलेली, फुले गुलाबी घंटेसारखी, आणि वेल तोडताच चीक येतो. पहिलीस विदारी आणि दुसरीस क्षीरविदारी असे सामान्यतः मानतात. केरळातील वैद्य मात्र प्रायः दुसरी वापरतात. बाजारात दोहोंचे कंद सुकलेल्या चकत्यांच्या रूपात येतात. मागणीपत्रावर फक्त 'भुईकोहळा' एवढेच लिहिणाऱ्या औषधनिर्मात्याला कोणता माल मिळेल, हे पुरवठादारावर सोपवलेले असते. पावसाळ्यात एकदा आणि माघ-फाल्गुनात एकदा अशा दोन फेऱ्यांत हा संदेह कायमचा फिटतो.

पशुपक्ष्यांकडे वैद्याने का पाहावे

मंडळातील सोबती वनस्पतीबरोबर तिच्यावर येणाऱ्या जिवांचीही नोंद करतात. आपल्याला ते अनावश्यक वाटू शकेल. परंतु दशमुळातील श्योनाकाचे उदाहरण घ्यावे. टेटूची फुले रात्री उमलतात आणि त्यांचे परागण वटवाघळे करतात. तलवारीसारख्या लांब शेंगा झाडावर लोंबताना दिसल्या, तर त्यामागे वटवाघळांचे काम असते. ज्या गुहेतील वा वृक्षावरील वटवाघळे हुसकावली जातात, तेथे टेटूचे झाड उभे राहिले तरी बी धरण्याची शाश्वती राहत नाही. त्यात आपण त्याचे मूळ मागतो. बृहत् पंचमूळ ही पाचही वृक्षांची मुळे आहेत. मूळ काढले की बहुधा झाड जाते. जेथे नवे झाड येत नाही आणि जुने खणले जाते, तेथे श्योनाक किती काळ टिकेल याचा हिशेब आपणच मांडावयाचा आहे.

याउलट एक आशादायक उदाहरणही आहे. बेहड्याच्या जुन्या, उंच वृक्षांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. पुण्यातील अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने भीमाशंकर परिसरात हिरडा व बेहडा यांच्या फळांचे जंगलातून संकलन करणाऱ्या महादेव कोळी समाजातील कुटुंबांसह काम केले. झाड न तोडता, काही फळे रानासाठी राखून संकलन करणे, संकलकाला योग्य मोबदला देणे आणि वृक्षांचे जतन करणे या अटींवर तेथील मालाला 'फेअरवाइल्ड' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणन मिळाले. त्रिफळ्यातील दोन द्रव्ये, संकलकाची उपजीविका आणि धनेशाचे घरटे ही एकाच झाडावर अवलंबून आहेत, हे तेथे व्यवहारात सिद्ध झाले.

देवराया आणि स्थळगोपन

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागात देवाच्या नावाने राखलेली वने, म्हणजे देवराया, पूर्वापार आहेत. डॉ. माधव गाडगीळ आणि आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला आणि त्यावरील लेख १९७५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भोवतालचे जंगल विरळ झाले तरी जुने वृक्ष आणि वेली तेथे टिकून राहिल्या, याकडे त्यांनी लक्ष वेधले. औषधी वनस्पतींचे असे स्वाभाविक बियाणे-भांडार दुसरे नाही.

येथे एक नाजूक प्रश्न निर्माण होतो. निसर्ग-अभ्यासक मंडळी वैद्यांना आपल्या फेरीत घेण्यास कधी कधी कचरतात. त्यांचे म्हणणे असे की, दुर्मिळ वनस्पतीचे स्थान वैद्याला कळले की ते औषधनिर्मात्याला कळते, आणि औषधनिर्मात्याला कळले की पुढच्या हंगामात तेथे खड्डा दिसतो. ही शंका कटू असली तरी निराधार म्हणता येत नाही. आपण केलेली औषधी वनस्पतींची यादी दुसऱ्या कोणाच्या हाती खरेदीची यादी होऊ शकते. म्हणून स्थळगोपनाचा नियम आपणही पाळला पाहिजे. दुर्मिळ वनस्पतीची नोंद गावाच्या वा खोऱ्याच्या नावापुरती ठेवावी. भ्रमणध्वनीवरून छायाचित्रे टाकताना अचूक स्थाननिर्देश काढून टाकावा. देवराईतून काहीही आणू नये. राजगडासारखे संरक्षित स्मारक आणि वनखात्याची हद्द येथे अनुमतीशिवाय संकलन करणे हे कायद्यानेही निषिद्ध आहे.

कायद्याचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. जैविक विविधता अधिनियम २००२ मध्ये २०२३ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आली. तिने नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना काही सवलती दिल्या आहेत. कायद्याने दिलेली सवलत म्हणजे रानाने दिलेली सवलत नव्हे. ज्या वनस्पतीचे मूळ लागते, तिची मागणी शक्यतो लागवडीच्या मालाकडे वळवणे हेच दीर्घदृष्टीचे आहे.

आपण काय करू शकतो

आमच्या अनुभवावरून पुढील सूचना नम्रपणे मांडीत आहोत.

१. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या जवळचे एकच क्षेत्र निवडावे आणि ऋतुमानाप्रमाणे वर्षातून किमान चार वेळा तेथे जावे. परिसरात निसर्ग-अभ्यास मंडळ असेल तर त्याच्या फेरीत सामील व्हावे. स्वतंत्र संस्था काढण्याची आवश्यकता नाही.

२. एका वर्षात पाचच संदिग्ध द्रव्ये घ्यावीत. त्यांची पालवी, फूल, फळ आणि उपयुक्त अंग या सर्व अवस्था पाहून लिहाव्यात.

३. औषधनिर्मात्यांनी प्रत्येक महत्त्वाच्या द्रव्याचा अधिकृतपणे ओळख पटवलेला एक शुष्क नमुना संग्रही ठेवावा. फुला-फळांसह फांदी वर्तमानपत्रात दाबून सुकवावी, कागद रोज बदलावा आणि ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर नोंदीसह चिकटवावी. ओळख पटवण्यासाठी पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र उपलब्ध आहेत. अनुसूची 'टी' मध्ये कच्च्या मालाच्या ओळखीची व नोंदीची जी अपेक्षा आहे, ती या मार्गाने खऱ्या अर्थाने पूर्ण होते.

४. मागणीपत्रावर मराठी वा संस्कृत नावाबरोबर शास्त्रीय नाव आणि अपेक्षित अंग अवश्य लिहावे.

५. ज्या गावात आपण जातो, तेथील ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीच्या कामात साहाय्य करावे. गुराखी, शेतकरी आणि भाजी खुडणाऱ्या माउली यांनी सांगितलेले नाव त्यांच्या नावाने नोंदवावे. त्यांच्याकडून घेतलेले ज्ञान त्यांच्या गावातही लिखित स्वरूपात राहिले पाहिजे.

यांपैकी कोणत्याही गोष्टीस विशेष खर्च नाही. सुटीचे चार दिवस, एक वही आणि भिंग एवढे पुरे आहे. वैद्य मंडळींना मंडळाकडून नामरूपज्ञान मिळेल, आणि मंडळाला वैद्यांकडून हे कळेल की कोणत्या वनस्पतीवर बाजाराचा किती ताण आहे, कोणते अंग मागितले जाते आणि कशाचे लागवडीने भागू शकते. ही माहिती त्यांच्यापाशी नसते आणि संरक्षणाच्या कामात तिची नितांत गरज असते. वर्षाऋतू हा या अभ्यासाच्या आरंभास सर्वांत अनुकूल काल होय. शाखांच्या पदाधिकाऱ्यांनी आगामी सभेत क्षेत्र निश्चित करून पहिल्या फेरीचा दिवस जाहीर करावा, आणि वर्षअखेरीस आपल्या नोंदी, स्थळांचे गोपन राखून, याच नियतकालिकाकडे पाठवाव्यात, ही विनंती.